फवारणीचा पंप पाठीवर, प्रशिक्षण कागदावर



2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. शेकडो जणांना सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत दुसऱ्याच्या रानात मजुरीने फवारणी करणारे फार मोठ्या संख्येने होते. पुढे चौकशी झाली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. आणि या सगळ्या धावपळीतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आले: मजुरांनी काळजी घेतली नाही, हातमोजे-मुखपट्टी वापरली नाही, त्यांना ज्ञान नव्हते.

आम्ही आज या वाक्यावरच बोलणार आहोत, कारण ते आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. रुळावर काम करणारा गँगमन गाडीखाली सापडला की हेच वाक्य निघते: त्याचे लक्ष नव्हते. ग्रामीण डाक सेवकाच्या हिशेबात फरक पडला की हेच निघते: त्याने नियम वाचले नाहीत. चूक नेहमी सर्वांत खालच्या माणसाची असते. त्याला शिकविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांचे नाव चौकशीच्या कागदावर येत नाही.

सध्या सरकारच्या प्रत्येक भाषणात शेतीचे आधुनिकीकरण, शाश्वत शेती आणि कौशल्य विकास हे तीन शब्द हातात हात घालून येतात. शेतकऱ्याला प्रशिक्षित करू, असे सांगितले जाते. प्रशिक्षणाला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. परंतु ते कोणाला, कोणाच्या वेळात, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या तोंडून मिळणार, हे प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही टाळ्या वाजविणार नाही.

अज्ञान कोणाचे?

1958 साली केरळ आणि मद्रास राज्यांत कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1968 साली, कीटकनाशक कायदा झाला आणि 1971 साली त्याचे नियम आले. रेल्वेत आपण म्हणतो की नियमपुस्तकाचे प्रत्येक पान कोणाच्या तरी रक्ताने लिहिलेले आहे. हे नियमही तसेच आहेत.

त्यांत काय लिहिले आहे? फवारणीचे काम करणाऱ्याची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी. त्याला संरक्षक कपडे आणि श्वसनाचे रक्षण करणारी साधने मिळावीत. प्रथमोपचार आणि विषावरचा उतारा जवळ असावा. आणि कीटकनाशकाचे उत्पादक व वितरक यांनी सुरक्षिततेचे योग्य प्रशिक्षण द्यावे. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे छापून ठेवलेले आहे. वाचकांनी आपापल्या गावातील एखाद्या फवारणी करणाऱ्याला विचारावे, की बाबा रे, तुझी तपासणी कोणत्या डॉक्टरने केली आणि तुला कोणत्या कंपनीने शिकविले? तो हसेल.

मग अज्ञान कोणाचे म्हणायचे? नियम ज्याच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही त्याचे, की तो कपाटात ठेवणाऱ्याचे?

साधी गोष्ट घ्या. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो आणि त्यात एक रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. पण हिरवा असला तरी ते विषच. आपल्या रेल्वे कामगाराला लाल आणि हिरवा यांचा अर्थ झोपेतही ठाऊक असतो. त्या डब्यावरचा हिरवा पाहून आपल्यातला एखादा सहज म्हणेल, रस्ता मोकळा आहे. ज्याला हे चार रंग कोणी समजावून सांगितले नाहीत, त्याने काय समजावे? त्यातून गावात या पदार्थाला नावच 'औषध' पडले आहे. दुकानदारही औषध म्हणतो, जाहिरातही औषध म्हणते. विषाला औषध म्हणायला शिकविणारे प्रशिक्षण मात्र घरोघर पोहोचले आहे.

आपल्याकडे काय असते?

आपल्यापैकी ज्यांनी भुसावळच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेत किंवा वडोदऱ्याच्या टपाल प्रशिक्षण केंद्रात दिवस काढले आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको. पॉइंट्समनच्या हाती प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय पॉइंट्स दिले जात नाहीत. स्टेशनचे नियम वाचून समजले, अशी सही घेतल्याशिवाय माणसाला स्वतंत्र ड्यूटी मिळत नाही. ठराविक वर्षांनी पुन्हा रिफ्रेशरला जावे लागते आणि डोळ्यांची तपासणी होते. आणि मुख्य म्हणजे, नोकरीतला माणूस प्रशिक्षणाला गेला म्हणून त्याचा पगार बुडत नाही.

हे कोणी दयाबुद्धीने दिलेले नाही. त्यामागे अपघातांचा इतिहास आहे आणि संघटनेच्या लढ्याचाही. आणि तरीही आपल्याला पक्के माहीत आहे की नुसते प्रशिक्षण पुरत नाही. ट्रॅकवर काम करणाऱ्याला गाडी येत असल्याची सूचना देणारे उपकरण हवे, गँगमध्ये पुरेशी माणसे हवीत, लक्ष ठेवायला लुकआउट हवा. चौघांचे काम दोघांवर टाकून त्यांना सुरक्षिततेचे व्याख्यान देणे ही थट्टा आहे.

हीच कसोटी शेतात लावून पाहा. फवारणीची मजुरी अनेक ठिकाणी पंपामागे ठरते. जितके पंप तितके पैसे. प्रशिक्षक सांगतो की दुपारी फवारू नका, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करू नका, मध्ये थांबून हात धुवा, कपडे भिजले तर बदला. सगळे बरोबर आहे. पण थांबलेल्या तासाची मजुरी कोण देणार? धुवायला पाणी बांधावर कोण आणून ठेवणार? ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत शिरून अंग झाकणारा पोशाख तासन् तास घालता येईल, असा पोशाख कोण तयार करणार? मजुरीच्या पद्धतीला हात न लावता केलेले प्रशिक्षण म्हणजे मेल्यावर दोष द्यायची केलेली सोय होय.

एकशेवीस ग्रॅम बियांची गोष्ट

शिक्षण न दिल्याची किंमत एका माणसावर थांबत नाही. ती सगळ्या पिकाला मोजावी लागते. बीटी कापसाला आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली. पुढे बाजारात जे पाकीट आले त्यात 450 ग्रॅम बीटी बियाणे आणि सोबत वेगळ्या पुडीत 120 ग्रॅम साध्या कपाशीचे बियाणे असे. ही पुडी पिकाच्या कडेने लावायची होती. त्यामागे शास्त्र होते. साध्या कपाशीवर वाढलेल्या बोंडअळ्या बीटीच्या विषाला सरावलेल्या नसतात. त्यांच्या पतंगांचा सरावलेल्या पतंगांशी संकर होत राहिला, तर अळीची जात विषाला दाद न देणारी होण्यास वेळ लागतो. ती एकशेवीस ग्रॅमची पुडी बियाण्याची ताकद टिकविणारी होती.

हे शेतकऱ्याला कोणी नीट सांगितले? असंख्य शेतकऱ्यांनी ती पुडी फुकट आलेली निकामी वस्तू म्हणून टाकून दिली. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहेत तो कडेच्या ओळी 'वाया' का घालवील? त्याला कारण कळले असते आणि त्या ओळींची भरपाई कोणी दिली असती, तर त्याने विचार केला असता. पुढे गुलाबी बोंडअळी सरावली आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडे पोखरली. पुडी न लावणे हे त्याचे एकमेव कारण नव्हे. कपाशी फार काळ रानात उभी ठेवणे, एकाच प्रकारचे बी सगळीकडे लावणे अशीही कारणे होती. पण त्यांतील प्रत्येक कारण हे शिकविण्याचेच काम होते. बियाणे विकणाऱ्याने किंमत घेतली आणि शिकवणी बाकी ठेवली. फवारणी कमी होईल म्हणून जे बी आले, त्याच कपाशीत माणसे पंप पाठीला लावून मेली.

शिकवितो कोण?

1970 च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या पैशावर 'प्रशिक्षण आणि भेट' योजना अनेक राज्यांत आली. तिच्यात दोष पुष्कळ होते. वरून आलेला संदेश खाली पोचविणे एवढेच तिचे स्वरूप होते. पण एक गोष्ट तिच्यात होती: सरकारी माणूस पंधरवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावात जाणार, हे वेळापत्रक. आपल्यासारख्या वेळापत्रकावर जगणाऱ्यांना त्याचे मोल कळेल. 1990 च्या दशकात तो पैसा आटला. त्याच दशकात नवे आर्थिक धोरण आले, भरती आखडली, आणि गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याच्या गळ्यात पंचनामे, याद्या आणि अनुदानाचे अर्ज पडले. शिकविण्याचे काम वेळ उरल्यास करावयाचे झाले.

2003 साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने शेतकरी कुटुंबांना विचारले, की आधुनिक तंत्राची माहिती तुम्हाला कोठून मिळते? शंभरांतील साठ कुटुंबांना कोठूनच मिळत नव्हती. शेजारच्या प्रगत शेतकऱ्याकडून माहिती घेणारी सुमारे 17, बी-खते-औषधे विकणाऱ्याकडून घेणारी 13. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचे नाव घेणारी कुटुंबे शंभरांत सहासुद्धा नव्हती. म्हणजे सरकारी शिक्षकाच्या दुपटीहून अधिक शिकवणी दुकानदार घेत होता. दहा वर्षांनंतरच्या पाहणीतही निम्म्याहून अधिक कुटुंबांना कोणताच तांत्रिक सल्ला मिळत नव्हता.

ही वस्तुस्थिती सरकारलाही मान्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने 2003 पासून दुकानदारांसाठीच पदविका अभ्यासक्रम चालविला आहे: 48 आठवडे, त्यांतील 40 वर्गात आणि 8 प्रत्यक्ष शेतावर. दुकानदाराने शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. अडाणी दुकानदारापेक्षा शिकलेला बरा. पण ज्याचे पोट विक्रीवर आहे, तो 'यंदा फवारू नका, गरज नाही' हे वाक्य किती वेळा उच्चारील? आणि दुकानदाराला 48 आठवडे देणाऱ्या देशाने पंप पाठीवर घेणाऱ्याला 48 मिनिटे तरी दिली काय?

आता ड्रोन आले आहेत. महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याच्या केंद्रीय योजनेत चालविणारीला 15 दिवसांचे प्रशिक्षण आहे; त्यांतील 5 दिवस ड्रोन चालविण्याचे आणि 10 दिवस शेतातील फवारणीचे. चांगली गोष्ट आहे. यावरून एवढे सिद्ध होते की सरकारला मनात आणल्यास प्रशिक्षण देता येते. ड्रोन लाखो रुपयांचा आहे, म्हणून तो चालविणारी शिकलेली हवी. पाठीवरचा पंप काही हजारांचा, आणि त्याखालचा माणूस तर रोजंदारीचा. प्रशिक्षण यंत्राच्या किमतीवर ठरते, माणसाच्या किमतीवर ठरत नाही!

मानधनाची शाळा

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. 2,481 कोटी रुपये, एक कोटी शेतकरी आणि त्यांना शिकविण्यासाठी 30,000 कृषी सखी व समूह साधन व्यक्ती. गावातील बाईने गावाला शिकवावे, ही कल्पना आम्हाला मनापासून मान्य आहे. पण या सखीला काय मिळणार? मानधन. टपाल खात्यातील आपल्या साथींना हा शब्द वेगळ्या नावाने माहीत आहे. ग्रामीण डाक सेवकाला जे मिळते त्याला आजही 'वेतन' म्हणत नाहीत; त्याला भत्ता म्हणतात. वर नियमच सांगतो की त्याच्याकडे उदरनिर्वाहाचे दुसरे साधन असले पाहिजे. खेड्यात ते दुसरे साधन म्हणजे बहुधा शेती. म्हणजे सरकारचे एक खाते शेतीच्या भरवशावर पुरा पगार देत नाही, आणि दुसरे खाते म्हणते की शेती परवडत नाही कारण तुम्हाला कौशल्य नाही!

कृषी विज्ञान केंद्रांची कथा निराळी नाही. पहिले केंद्र 1974 साली पुदुच्चेरीत निघाले. आज देशात 731 आहेत. त्यांचा खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून येतो. पण यजमान कुठे कृषी विद्यापीठ, कुठे स्वयंसेवी संस्था. आणि त्याप्रमाणे एकाच कामाच्या माणसांच्या भत्त्यांत, बढतीत आणि निवृत्तिवेतनात फरक. मंजूर पदे केंद्रामागे 16, आणि त्यांच्यापुढे अख्खा जिल्हा. त्यांतही जागा रिकाम्या. ज्या शिक्षकाला स्वतःच्या उद्याची शाश्वती नाही, त्याने शाश्वत शेती शिकवावी अशी अपेक्षा आहे.

आणि वर्गात बसतो कोण? मेळाव्याच्या यादीत सातबारा असलेल्याचे नाव असते. 2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी 11 कोटी 88 लाख आणि शेतमजूर 14 कोटी 43 लाख होते. दहा वर्षांपूर्वी शेतकरी अधिक होते आणि मजूर कमी. आता पारडे फिरले आहे. ज्यांच्या हातून शेती होते त्यांतील अधिक जणांकडे सातबाराच नाही, आणि ज्या बाया कापूस वेचतात, निंदण-खुरपण करतात, त्यांची नावे सातबाऱ्यावर क्वचितच. मजूर त्या मेळाव्याला गेलाच, तर त्याचा रोज बुडतो.

होऊ शकते, हे झालेले आहे

कोणी म्हणेल, तुम्ही नुसती टीका करता. तर मग पूर्वीच्या आंध्र प्रदेशातील, आजच्या तेलंगणातील, पुनुकुला हे गाव पाहा. तेथील कापूस उत्पादकांनी 2004 च्या सुमारास रासायनिक कीटकनाशके सोडली. निंबोळीचा अर्क, मिरची-लसणाचा अर्क, कामगंध सापळे, कडेने सापळा पिके, आणि मुख्य म्हणजे रोज रानात जाऊन कीड व मित्रकीटक ओळखणे, हे ते शिकले. स्वयंसेवी संस्थांनी सुरुवात करून दिली. पुढे त्या राज्याच्या ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमाने महिला बचत गटांमार्फत हेच काम काही लाख एकरांवर नेले, आणि शिकविणारे बहुतांशी तेथलेच शेतकरी, स्त्रिया व पुरुष, होते.

त्यात जादू नव्हती. शाळा रानातच भरत होती, हंगामभर भरत होती आणि शिकविणाऱ्याला काही विकायचे नव्हते. एका दिवसाच्या मेळाव्यात, फलकाखाली चहा-समोसे देऊन ते होत नाही. अळी अंड्यातून केव्हा बाहेर पडते हे अळीच्या वेळापत्रकावर शिकावे लागते.

हा प्रश्न आपला का?

काही साथी म्हणतील, शेतीचे शेतकरी संघटनांनी पाहावे. आम्ही विचारतो, आपल्यातील किती जणांचा भाऊ गावी शेती करतो? किती जणांची वहिनी वेचणीला जाते? ज्या शकुंतला रेल्वेने यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरपर्यंत वाहिला, ती चालविणारे आपलेच होते. दिल्ली, इटारसी, सिकंदराबाद, जेथे कोठे आपण नोकरी करतो, तेथून गावी मनीऑर्डर गेली ती बी-बियाण्यालाच गेली. आणि शेतीतून हुसकलेला मुलगा रेल्वेत येतो तो ठेकेदाराकडे कमी मजुरीत उभा राहतो. तेव्हा आपली मजुरी पाडायला त्याचाच उपयोग होतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला, सातबारा असो वा नसो, हंगामापूर्वी प्रशिक्षण मिळावे आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी मिळावी. 1971 च्या नियमांप्रमाणे तपासणी, साधने आणि प्रशिक्षण न देणाऱ्या उत्पादक व वितरकांवर खटले भरावेत. पंपामागे मजुरीऐवजी दिवसाची मजुरी आणि कामाचे मर्यादित तास ठरवावेत. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या जागा कायम स्वरूपात भराव्यात. कृषी विज्ञान केंद्रांत समान कामाला समान वेतन व निवृत्तिवेतन द्यावे. कृषी सखीला कर्मचारी म्हणून मान्यता द्यावी.

मागण्या होतील तेव्हा होतील. आपल्या हातात आजच काही आहे. देशातील टपाल कार्यालयांपैकी दहांतील नऊ खेड्यांत आहेत. आमचे शाखांना आवाहन आहे की मे महिन्यात, पेरणीच्या आधी, चार रंगांच्या त्रिकोणाचा एक कागद छापावा आणि परवानगी घेऊन गावच्या टपाल कार्यालयात लावावा. विषबाधेची लक्षणे त्यावर मोठ्या अक्षरांत असावीत: डोके दुखणे, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे. असे होताच फवारणी थांबवावी, अंग साबणाने धुवावे, कपडे बदलावेत, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरला विष कोणते ते कळेल. रजेवर गावी जाणाऱ्या प्रत्येक साथीने एवढे तरी घरी सांगावे.

सरकारने विचारावे, की हे काम तुमचे आहे काय? आम्ही सांगू, ज्यांचे होते त्यांनी केले नाही, म्हणून आम्ही करतो आहोत. आणि ज्यांचे आहे त्यांच्याकडून ते करवून घेतल्याशिवाय राहणार नाही.

कामगार-शेतमजूर-शेतकरी एकजुटीचा विजय असो!